उद्यानातल्या कार्यशाळा वाळण्याच्या हिशेबानं लावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपुरातल्या तुमच्या वस्तीत साधारण एकरभराचं सार्वजनिक उद्यान आहे. नागरिक मंडळाला तिथे वर्षभरात पाच-सहा कला कार्यशाळा आणि एक मोठा मेळावा घ्यायचा आहे, दर वेळी पंचवीस-तीस जण धरून. तुमची यादी अशी: मे महिन्यात मुलांना सुट्या असतात म्हणून मातीचे गणपती, जुलैत कागदाच्या लगद्याचे मुखवटे, दिवाळीनंतर नैसर्गिक रंगांत रुमाल रंगवणं, जानेवारीत पतंग आणि निसर्गचित्रं, मार्चमध्ये पळसाचे रंग. कशाला किती सामान लागतं आणि कुठे फसतं, हे विचारलं आहे.

यादी चांगली आहे. पहिल्या दोन गोष्टींची मात्र अदलाबदल करा. मुखवटे मे महिन्यात घ्या आणि गणपती ऑगस्टमध्ये. हातानं करायच्या बहुतेक कलांमध्ये आधी काहीतरी भिजवायचं असतं आणि शेवटी ते वाळवायचं असतं, आणि नागपूरची हवा वर्षभरात दोन्ही टोकं गाठते. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास आणि हवा कोरडीठाक. ऑगस्टमध्ये दोरीवरची चादर दोन दिवस दमट. मातीला सावकाश वाळायला हवं, लगद्याला झटपट. मे महिन्यात केलेला गणपती संध्याकाळपर्यंत गळ्यापाशी तडकतो आणि जुलैतल्या मुखवट्याला चौथ्या दिवशी आतून हिरवी बुरशी धरते. त्यामुळे कोणत्या महिन्यात काय घ्यायचं, हे आधी वाळण्यावरून ठरवा. सण आणि सुट्या त्यानंतर बसवता येतात.

परवानगीचं आधी सांगतो. उद्यान कोणाच्या ताब्यात आहे हे पक्कं करा. काही उद्यानं महानगरपालिकेकडे आहेत, काही नागपूर सुधार प्रन्यासकडे, सेमिनरी हिल्सचा बराचसा भाग वनविभागाकडे, आणि महाराजबाग तर कृषी महाविद्यालयाकडे आहे. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज महिनाभर तिथेच पडून राहतो. मनपाचं असेल तर उद्यान विभागाला आणि तुमच्या झोन कार्यालयाला, दोन्हीकडे अर्ज द्या, निदान वीस दिवस आधी. अर्जात तारीख, वेळ, माणसं किती, गॅस पेटवणार का, ध्वनिक्षेपक लावणार का आणि साफसफाई कोण करणार, एवढं स्पष्ट लिहा. ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ एवढंच लिहिलं तर मंडप आणि डीजे समजून नकार येतो.

कागदोपत्री परवानगीइतकंच महत्त्वाचं म्हणजे माळीकाकांशी बोलणं. तीन गोष्टी विचारून ठेवा. लॉनला पाणी कोणत्या दिवशी देतात? आदल्या संध्याकाळी दिलेलं पाणी सकाळी सतरंजीतून वर येतं आणि पंचवीस लोकांच्या पायांखाली हिरवळीचा चिखल होतो. फवारणी कधी केली? मुलं पानं-फुलं गोळा करणार असतील तर आधीच्या पंधरा दिवसांत त्या वाफ्यांवर औषध मारलेलं नसावं. आणि माळ्याच्या खोलीत चार फळ्यांचं एक मांडण ठेवता येईल का? ओल्या वस्तू दोन दिवस ठेवायला सावलीची, वारा खेळणारी, मांजर-कुत्रं न शिरणारी जागा लागतेच. ती नसेल तर निम्म्या वस्तू घरी पोहोचेपर्यंत मोडतात.

आता एकेक घेऊ.

मे महिना, लगद्याचे मुखवटे. वेळ सकाळी साडेसहा ते साडेआठ, एक मिनिटही पुढे नाही. नवतपा लागल्यावर, म्हणजे २५ मेनंतर, घेऊच नका. तीस मुखवट्यांना सुमारे ३ किलो रद्दी वर्तमानपत्र लागतं. चकचकीत मासिकांचा कागद घेऊ नका, तो भिजत नाही. बोटाएवढे तुकडे करून चोवीस तास पाण्यात ठेवा, मग मिक्सरमधून किंवा खलबत्त्यात काढा आणि कापडातून पिळा. पिळल्यावर मुठीत घट्ट गोळा व्हावा आणि बोटांमधून पाणी गळू नये. खळीसाठी ६०० ग्रॅम मैदा ४ लिटर पाण्यात शिजवा आणि त्यात २०० ग्रॅम मेथीची पूड घाला. मेथीचा चिकटपणा लगद्याला धरून ठेवतो आणि तिच्या कडूपणामुळे कीड कमी लागते. जुने कारागीर मोरचूद घालत, पण ते विषारी आहे. मुलांच्या हातात ते देऊ नका. मे महिन्यात खळ एका दिवसात आंबते, त्यामुळे ती पहाटे करा, आदल्या रात्री नाही.

साच्यासाठी फुगे वापरायची कल्पना हमखास कोणीतरी मांडतं. उन्हात फुग्यातली हवा प्रसरण पावते, फुगा फुटतो आणि ओला थर खाली बसतो. प्लास्टिकचं वाडगं उपडं घाला, त्याला गोडेतेलाचा हात फिरवा आणि वर लगदा थापा. थर अर्ध्या सेंटिमीटरच्या वर जाऊ देऊ नका. जाड थर बाहेरून कडक होतो आणि आत ओला राहून वास मारतो. पहिले दोन तास सावलीत, मग उन्हात, जाळीवर ठेवून. फरशीवर ठेवला की खालची बाजू वाळत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाडग्यापासून आपोआप सुटतो. नागपूरच्या उन्हाचं हे एक मोठं देणं आहे. दमट गावांत याच मुखवट्याला आठवडा लागतो.

याच महिन्यात पक्ष्यांसाठी मातीची जलपात्रं रंगवण्याचा उपक्रम बरीच मंडळं घेतात. छान आहे, पण रंग फक्त बाहेरून लावा. आतून लावलेला ऑइलपेंट किंवा पोस्टर कलर पाण्यात उतरतो.

जुलैत ओलं काहीच घेऊ नका. कोळसा, पेन्सिल, तेलखडू ही कोरडी माध्यमं घ्या. सगळ्यात सोपं म्हणजे पानाचा ठसा: पान उपडं ठेवायचं म्हणजे शिरा वर येतात, त्यावर पातळ कागद धरायचा आणि मेणखडू आडवा धरून घासायचा. पिंपळ, पळस, साग, काटेसावर यांची पानं घ्या. कडुनिंबाच्या पानाच्या शिरा बारीक असतात, ठसा पुसट येतो. कागद शेवटच्या क्षणापर्यंत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. पावसाळी हवेत तो मऊ पडतो आणि घासताना फाटतो. आणि विजेचं गांभीर्यानं घ्या. विदर्भात दरवर्षी वीज पडून माणसं जातात. गडगडाट ऐकू आला की कार्यशाळा तिथेच थांबवा आणि सगळ्यांना पक्क्या छताखाली न्या. मोठ्या झाडाखाली थांबू देऊ नका.

माती, म्हणजे तुमच्या यादीतला सगळ्यात मोठा भाग. पोळा श्रावण अमावास्येला, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आणि त्यानंतर तीन-चार दिवसांत गणेश चतुर्थी. नागपुरात हे सगळं एका दमात येतं, म्हणून एकाच कार्यशाळेत लहान मुलांना बैल आणि मोठ्यांना गणपती करू द्या. तान्ह्या पोळ्याच्या मिरवणुकीत मुलांचा लाकडी नंदी असतोच, हा मातीचा बैल घरी पाटावर बसेल. तारीख मात्र चतुर्थीच्या बारा दिवस आधीची, त्याच्या अलीकडची नको. त्या हवेत सात-आठ इंची मूर्ती पूर्ण वाळायला सात-आठ दिवस, रंगाला एक, रंग वाळायला एक, आणि दोन दिवस हातचे. चतुर्थीच्या आधीच्या रविवारी घेतलेल्या कार्यशाळेतल्या मूर्ती आतून ओल्या असताना रंगवल्या जातात आणि आरतीच्या तिसऱ्या दिवशी पोटावरचा रंग पापुद्र्यानं सुटतो.

शिकवायला महालातल्या चितारओळीतला मूर्तिकार बोलवा. पण ऑगस्ट हा त्याच्या वर्षाचा सगळ्यात गर्दीचा महिना, रात्रंदिवस काम चालू असतं. मृग लागायच्या आधी जाऊन भेटा, आणि घरातल्या एखाद्या ज्येष्ठाला, ज्यांनी आता मोठ्या मूर्ती करणं थांबवलं आहे, त्यांना विनंती करा. मानधन आधी ठरवा आणि त्याच दिवशी हातात द्या. ‘समाजकार्य आहे’ म्हणून कारागिराचा सिझनमधला दिवस फुकट मागणं योग्य नाही.

सात-आठ इंची मूर्तीला मळलेली शाडू सव्वादोन ते अडीच किलो लागते, मुलाच्या बैलाला पाऊण किलो. एक किलो कोरड्या शाडूत साधारण ३५० मिली पाणी जातं. म्हणजे पंचवीस गणपतींना ५० किलो कोरडी माती आणि सतरा-अठरा लिटर पाणी धरा, थोडी उरेल. पाणी एकदम ओतलं की गाठी होतात आणि त्या मळून मोडत नाहीत. घमेल्यात माती पसरा, शिंपडत शिंपडत भिजवा, तासभर मुरू द्या, मग कणकेसारखी रगडा. रात्रभर ओल्या तरटात आणि वरून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. सकाळी परीक्षा घ्या: बोटाएवढी वळी करा आणि ती बोटाभोवती गुंडाळा. वळीच्या पाठीवर चिरा पडल्या तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळा. तळहाताला चिकटून राहिली तर जास्त ओली आहे, गोणपाटावर पसरून पाणी शोषू द्या. ही परीक्षा प्रत्येकाला स्वतःच्या गोळ्यावर करायला लावा. पुढचं निम्मं काम तिथेच सुधारतं.

उद्यानातलीच काळी माती का नाही, हा प्रश्न दर वेळी येतो. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना तितकीच आकसते. उन्हाळ्यात शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याचमुळे. तिची मूर्ती दोन दिवसांत दुभंगते. एक छोटा गोळा करून मुलांना दाखवायला ठेवा, कळतं लगेच.

करताना क्रम असा: दोन सेंटिमीटर जाडीचा पाट, त्यावर मांडी, मग पोट, छाती, डोकं, सोंड, शेवटी हात आणि कान. जोडताना दोन्ही बाजूंना काडीनं आडवे-उभे ओरखडे काढा, ताकाएवढी पातळ माती लावा, दाबा, आणि जोडावर वरून मातीची बारीक वळी फिरवून सपाट करा. नुसतं पाणी लावून चिकटवलेला हात वाळल्यावर अलगद गळून पडतो. सोंडेत काडी किंवा तार घालू नका. माती वाळताना आकसते, काडी आकसत नाही, आणि मग सोंड काडीच्या कडेनं उभी फाटते. त्यापेक्षा सोंड पोटावर टेकवा, हात अंगाला धरून ठेवा. सुट्या हवेत लटकणारा एकही भाग नको.

सात इंचांची भरीव मूर्ती आतून वाळत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी, बोट दाबल्यावर खूण उमटते पण बोट रुतत नाही अशी कडक झाल्यावर, ती आडवी करून तळातून चमच्यानं माती काढायची. सगळीकडे दोन सेंटिमीटरची भिंत राहू द्यायची. हे काम लोक घरी करणार, म्हणून आदल्या दिवशी केलेली एक मूर्ती तयार ठेवा आणि तिच्यावर करून दाखवा. नुसतं तोंडी सांगितलं तर घाबरून कोणी करत नाही.

मूर्ती लाकडी फळीवर किंवा जुन्या फरशीच्या तुकड्यावर, खाली सुती कापड घालून करा. वर्तमानपत्र ओलं होऊन तळाला चिकटतं. पुठ्ठा वाकतो आणि त्याबरोबर पाट तडकतो. उचलायच्या आधी तळाखालून ताणलेला दोरा ओढा. वाळवताना पहिले दोन दिवस पंखा बंद. एका बाजूनं वारा लागला की तीच बाजू आधी आकसते आणि मधोमध चीर जाते. कान आणि सोंडेचं टोक पातळ असतं, त्यावर ओला फडक्याचा तुकडा ठेवा, म्हणजे ते पोटाच्या आधी वाळून सुटणार नाहीत. वाळली की नाही हे गालाला लावून बघा. गार लागली तर आत पाणी आहे. हाताच्या बोटांना हा फरक कळत नाही, गालाला कळतो. पूर्ण वाळल्यावरच गेरू, हळद, मुलतानी माती असे रंग, थोड्या डिंकाच्या पाण्यात कालवून.

धुण्याचं पाणी गटारात सोडू नका. शाडू बारीक असते, नालीत बसून दगडासारखी होते. वाफ्यातही टाकू नका, वरच्या थरावर पापुद्रा धरतो आणि झाडाला पाणी जिरत नाही. तीन बादल्या ओळीनं ठेवा. पहिलीत हात खळबळायचे, दुसरीत धुवायचे, तिसरीत स्वच्छ. रात्रभर ठेवून वरचं नितळ पाणी झाडांना द्या, खालचा गाळ वाळवून पुढच्या वर्षाच्या पोत्यात टाका.

ऑक्टोबर-नोव्हेंबर, झेंडूचे रुमाल. दसरा-दिवाळीला घराघरांत तोरणं लागतात आणि दोन दिवसांनी कचऱ्यात जातात. मंडळानं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वस्तीतून तोरणं गोळा केली की फुलांचा खर्च शून्य. कमी पडली तर सीताबर्डीच्या फुलबाजारात सणानंतर उरलेला माल स्वस्तात मिळतो. दोरे, आंब्याची पानं आणि हिरवे देठ काढून टाका, फक्त पाकळ्या घ्या. काळपट, कुजलेली फुलं वेगळी करा. मूठभर कुजका माल अख्ख्या भांड्याचा रंग मळकट करतो.

हे काम एका सकाळी होत नाही आणि बरीच मंडळं इथेच फसतात. कापडाची तयारी संयोजकांनी तीन दिवस आधी करायची. लोकांनी यायचं ते फक्त बांधायला आणि रंगात बुडवायला. चाळीस सेंटिमीटरचा सुती रुमाल साधारण वीस ग्रॅम भरतो, तीस रुमाल म्हणजे ६०० ग्रॅम कापड. पुढची सगळी मापं या कोरड्या कापडाच्या वजनावरून काढायची, डोळ्यानं नाही.

पहिल्या दिवशी रुमाल धुण्याचा सोडा (दोन टी-स्पून) आणि थोड्या साबणाच्या पाण्यात पाऊण तास उकळा. पाणी पिवळसर होतं, ती कांजी आणि तेलकटपणा. तो राहिला तर रंग ठिपक्याठिपक्यांनी बसतो. त्याच रात्री १२० ग्रॅम हिरड्याची पूड १५ लिटर पाण्यात कालवून रुमाल भिजत घाला. सकाळी पिळून, न धुता वाळवा. दुसऱ्या दिवशी १०० ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून १५ लिटर करा, त्यात रुमाल रात्रभर ठेवा. हिरडा टाळू नका. रेशमाला आणि लोकरीला नुसती तुरटी पुरते, सुती धागा मात्र तुरटी नीट धरत नाही. हिरड्यातला तुरटपणा धागा आणि तुरटीमधली सांधणी करतो. तुरटी जास्त घातली म्हणून रंग गडद येत नाही, कापड ताठ आणि चिकट होतं.

कार्यशाळेच्या दिवशी अडीच किलो पाकळ्या १५ लिटर पाण्यात तासभर मंद उकळून गाळा. लोकांनी तोवर रुमाल बांधून ठेवायचे: तूरडाळीचे दाणे आत घालून, कपड्यांचे चिमटे लावून, घड्या करून. बांधलेला रुमाल आधी साध्या पाण्यात ओला करा, पिळा, मग रंगात टाका. पाऊण ते एक तास, वाफ निघेल पण खळखळणार नाही अशा आचेवर, अधूनमधून लाकडी काठीनं वर-खाली करत. भांडं स्टीलचं. लोखंडी कढईत हाच रंग शेवाळी होतो. तसा मुद्दाम हवा असेल तर पंधरा-वीस दिवस आधी गंजके खिळे आणि गूळ पाण्यात आंबवून ठेवा आणि त्या पाण्याचे दोन चमचे एका लिटरात घालून रंगवलेला रुमाल मिनिटभर बुडवा. सोनेरी पिवळ्याचा ऑलिव्ह हिरवा होताना लोक अक्षरशः भांड्यावर वाकून बघतात. जास्त वेळ ठेवलं तर मात्र लोह धागा कमकुवत करतं.

पाणी नळाचं घ्या. बोअरच्या पाण्यातले क्षार आणि लोह रंगात उतरतात, आणि एका उद्यानात आलेली छटा दुसऱ्या उद्यानात येत नाही, ती यामुळेच. रुमाल सावलीत वाळवा आणि रिठ्यानं धुवा असं चिठ्ठीवर लिहून द्या. गॅसची शेगडी बसण्याच्या जागेपासून दहा-बारा फूट लांब, भोवती दोरी, आणि तिथे एक मोठा माणूस कायम उभा.

जानेवारी हा उद्यानातला सगळ्यात चांगला महिना. फक्त दव लक्षात ठेवा. नऊच्या आधी लॉनवर बसवलं तर ताडपत्री घाला, कागद मांडीवर नको, कागदाखाली फळी हवी. जलरंगाचा पातळ, पाणीदार थर या हवेत दहा-बारा मिनिटं ओला राहतो, म्हणजे नवशिक्याला रंगात रंग मिसळायला वेळ मिळतो. एप्रिलमध्ये तोच दोन मिनिटांत वाळून कडा उमटवतो. बहावा फुलला की सगळ्यांना तेव्हा चित्र काढावंसं वाटतं, आणि ते हवंच. तेव्हा कागद मागून ओल्या स्पंजानं भिजवून फळीवर चिकटवा आणि साडेआठला आवरा. मुलांना २०० ग्रॅमचा (म्हणजे चौरस मीटरला एवढं वजन असलेला) कागद पुरतो, मोठ्यांना ३०० चा द्या. पातळ कागद पोटात वाकतो आणि रंग खळग्यात साचतो. पाच जणांना एक झाड नेमून द्या. मोकळं सोडलं की सगळे कारंज्यापाशी जमतात.

पतंग करायला शिकवा, पण उद्यानात उडवू नका. झाडांत अडकलेल्या दोऱ्यात पुढचे कित्येक महिने पक्षी गुंततात. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाची २०१७ पासून देशभर बंदी आहे, साधा सुती दोराच द्या आणि उडवायला मैदानावर न्या.

मार्चमध्ये पळस. फुलं खाली पडलेलीच वेचा. झाडावरच्या फुलांतला मध मैना, शिंजीर, बुलबुल यांचं त्या दिवसांतलं मुख्य खाणं असतं. वनविभागाच्या हद्दीतून आणू नका. शेताच्या बांधावरची, रस्त्याकडेची चालतील. पहाटे वेचा, दुपारपर्यंत ती फुलं सुकून तपकिरी पडतात. फूल हातात घेतलं की देठाकडे काळपट, मखमली टोपी दिसते. ती काढून टाका, रंग मळकट होतो तो तिच्यामुळे. मुंग्या झटकायला फुलं चादरीवर दहा मिनिटं पसरून ठेवा.

एक किलो पाकळ्या ५ लिटर पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं उकळून रात्रभर ठेवा, सकाळी मलमलीतून गाळा. खेळायला हाच रंग. चिमूटभर चुन्यानं तो भगवा होतो आणि मुलांना दाखवायला हे छान आहे, पण चुना घातलेलं पाणी अंगावर उडवायचं नाही, डोळ्यांना लागतं. कोरडा गुलाल हवा असेल तर गाळलेलं पाणी आटवून निम्मं करा. एक किलो आरारूटला ३०० मिली पाणी थोडंथोडं घालत दोन तळहातांत चोळा, सावलीत कापडावर पसरा, मध्येच एकदा चोळून गाठी मोडा, मग मैद्याच्या चाळणीनं चाळा. मार्चमधल्या आपल्या कोरड्या हवेत हे तीन-चार तासांत होतं. उन्हात ठेवलं तर रंग उडतो. मुठीत दाबून उघडल्यावर गोळा टिकला तर अजून ओल आहे, तसाच पुडीत भरला की दोन दिवसांत आंबट वास येतो. पळसाच्या रंगात रुमाल रंगवू नका. धुतल्यावर आणि उन्हानं तो फिका पडतो, लोक नाराज होतात.

मोठा मेळावा फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात घ्या: थंडी ओसरलेली, ऊन सुसह्य. वर्षभरातल्या वस्तूंचं प्रदर्शन हाच त्याचा गाभा असू द्या. त्यासाठी प्रत्येक कार्यशाळेत नमुन्याच्या दोन वस्तू मंडळाकडे ठेवून घ्या. चित्रं झाडांना खिळे ठोकून लावू नका, तारही आवळू नका. बांबूचे खांब रेतीनं भरलेल्या डब्यांत उभे करा आणि त्यांच्यात सुतळी बांधा. लॉनमध्ये खड्डे करायची गरज पडत नाही. रांगोळीसाठी पेव्हर ब्लॉकची जागा चालत नाही, फटींत रांगोळी उतरते. सिमेंटचा सपाट चौथरा शोधा. चार बाय चार फुटांच्या भरीव रांगोळीला दीड ते दोन किलो रंग धरा, आणि वारा सुटायच्या आत, सकाळीच काढून घ्या.

ध्वनिक्षेपक लावायचा असेल तर निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबलची आहे आणि रात्री दहानंतर तो बंदच. दवाखाना, शाळा, न्यायालयापासून १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र असतो, उद्यान त्यात येतं का ते बघा. खरं तर शंभर-दोनशे माणसांना मोठा ध्वनिक्षेपक लागत नाही. हातातला छोटा स्पीकर पुरतो आणि शेजारच्या इमारतीतून तक्रार येत नाही.

सकाळी फिरायला येणाऱ्यांचा रस्ता अडवू नका. रोज पाचला येणारे ज्येष्ठ आणि हास्य क्लबवाले हे त्या उद्यानाचे खरे राखणदार आहेत. त्यांच्या ट्रॅकवर टेबलं मांडली की पुढच्या अर्जाला पहिला विरोध त्यांचाच येतो. आठवडाभर आधी त्यांना सांगा, त्यांच्यापैकी दोघातिघांना नोंदणीच्या टेबलावर बसवा.

मनुष्यबळाचं माप असं धरा: पंचवीस मोठ्यांना एक शिक्षक आणि दोन मदतनीस. नऊ वर्षांखालची मुलं असतील तर दर सहा मुलांमागे एक मोठा माणूस. थोडी नोंदणी फी ठेवा. अगदी फुकट ठेवलं की नावं देऊन लोक येत नाहीत, आणि मळलेली माती उरते. ज्यांना फी जड जाईल त्यांना, आणि उद्यानात काम करणाऱ्यांच्या मुलांना, ती माफ करा आणि त्याचा गाजावाजा करू नका.

सुरुवात झेंडूपासून करा. सामान जवळजवळ फुकट आहे, फसलं तरी रुमालावर काहीतरी रंग येतोच, आणि ऑक्टोबरची हवा ना फार ओली ना फार कोरडी. मातीला पुढच्या वर्षी हात घाला, तोवर माळ्याच्या खोलीतलं चार फळ्यांचं मांडण तयार झालेलं असेल.